उन्हाळा आला की स्पीकरमधून घूंऽऽ : फिल्टरचा बोर्ड घेण्याआधी काय तपासायचे

नागपुरात एप्रिल लागला, माळ्यावरचे कूलर खाली उतरले, की ओळखीतल्या गाणेवेड्या मंडळींचे फोन सुरू होतात. तक्रार ठरलेली असते. गाणे थांबवले की स्पीकरमधून बारीक घूंऽऽ येते. अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्याला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात. कूलर बंद केला की ट्विटरमधून (वरच्या पट्टीच्या छोट्या स्पीकरमधून) ‘फट्’ असा आवाज निघतो. दिवाळीत यातले काही नव्हते, पाऊस लागला की बरेचसे आपोआप थांबते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर. फोनच्या शेवटी प्रश्नही ठरलेला: “दादा, फिल्टरवाला चांगला बोर्ड कोणता घेऊ?”

फिल्टरचा बोर्ड म्हणजे विजेतला गोंगाट गाळणारा एक्स्टेन्शन बोर्ड. त्याबद्दल सांगतोच, पण शेवटी. घरातली अर्थिंग धड नसेल तर फिल्टरचा बोर्ड लावल्यावर त्रास कमी होत नाही, उलट वाढतो. हे ऐकून बरेच जण चमकतात, पण त्यामागचे कारण अगदी सरळ आहे. आधी आवाज कोणत्या जातीचा ते ओळखायचे, मग केबली तपासायच्या, मग अर्थिंग, आणि मग बाजारात जायचे. या क्रमाने गेलेल्या बऱ्याच घरांत नवीन बोर्ड घ्यावाच लागत नाही.

आवाज ओळखा

आपली वीज ५० हर्ट्झची. तिचा थेट शिरकाव झाला की येणारा आवाज जाड, खालच्या पट्टीतला, गुळगुळीत असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या आत वीज एकदिश होताना प्रत्येक लहरीचे दोन्ही अर्धे वापरले जातात, त्यामुळे तिथून सुटलेला आवाज १०० हर्ट्झचा असतो: बरोबर एक सप्तक वर, आणि त्याला कडा असते, भुंग्यासारखी. कान तयार असेल तर फरक लगेच कळतो. नसेल तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारे एखादे मोफत अ‍ॅप टाकून फोन वूफरच्या अगदी जवळ धरा. पहिला उंच खांब ५० वर आहे की १०० वर, एवढेच बघायचे.

त्यानंतर व्हॉल्यूमची कळ फिरवा. कळ शून्यावर आणली तरी घूं तेवढीच राहत असेल तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे आहे, म्हणजे पॉवर अ‍ॅम्पच्या भागात किंवा त्याच्या सप्लायमध्ये. १०० हर्ट्झचा आवाज, व्हॉल्यूमशी संबंध नाही आणि अ‍ॅम्प जुना, असे तिन्ही जुळले तर आधी सप्लायचे मोठे कपॅसिटर तपासून घ्या. या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते. नवतप्यात बाहेर ४५ अंश, बंद शोकेसमध्ये कोंबलेला अ‍ॅम्प, वर ठेवलेला सेट-टॉप बॉक्स, अशा अवस्थेत ते लवकर सुकणारच. त्यावर जगातला कुठलाही बोर्ड उपाय नाही. कपॅसिटर बदलावे लागतात आणि अ‍ॅम्पला चारही बाजूंनी हवा द्यावी लागते.

व्हॉल्यूमबरोबर घूं वाढत असेल तर ती अ‍ॅम्पच्या आधीच शिरली आहे: एखाद्या केबलीतून किंवा टीव्ही, लॅपटॉप, टर्नटेबल (रेकॉर्ड प्लेअर) अशा कुठल्यातरी उपकरणातून.

स्पीकर काढून ठेवले तरी अ‍ॅम्पच्या डब्यातूनच गुरगुर ऐकू येते, हा प्रकार वेगळा. तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक कंप. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरला हे दुखणे जास्त, कारण लाइनवर थोडासा डीसी (एकदिश वीज) आला तरी त्याचा गाभा एका बाजूला संपृक्त होतो. घरात कुणी हेअर ड्रायर कमी गतीवर लावला की ही गुरगुर वाढते का ते पाहा. बऱ्याच ड्रायरमध्ये कमी गतीसाठी एक डायोड घालून अर्धी लहर कापलेली असते आणि तीच लाइनवर डीसी आणते. हा आवाज गाण्यात मिसळत नाही. फार त्रास होत असेल तर अ‍ॅम्पच्या आधी डीसी ब्लॉकर लावतात.

उरलेले दोन प्रकार म्हणजे सतत चालणारी चिरचिर आणि मधूनच येणारे टक्-फट्. त्यांचे उगम घरातच असतात. त्यांच्याकडे पुढे येतो.

सगळे सोडवा, एकेक जोडा

सगळे स्विच बंद करून अ‍ॅम्पच्या पाठीमागच्या सगळ्या आरसीए केबली (उपकरणांकडून आवाजाचा सिग्नल आणणाऱ्या) काढा. फक्त अ‍ॅम्प आणि स्पीकर ठेवून सुरू करा. शांत असेल तर अ‍ॅम्प सुटला. आता एकेक उपकरण जोडत जा, दर वेळी अ‍ॅम्प बंद करून. ज्या केबलीने घूं परतली तिथेच थांबा.

नागपूरच्या घरांत ही केबल बहुतेक वेळा टीव्हीकडून आलेली निघते. टीव्हीच्या मागे सेट-टॉप बॉक्स, त्याच्या मागे केबलवाल्याची किंवा छत्रीची (डिश अँटेनाची) कोॲक्स तार. ती तार गच्चीवरून, शेजारच्या खांबावरून, कुठून कुठून आलेली असते आणि तिच्या जाळीला वाटेत कुठेतरी जमीन लागलेली असते. तुमच्या अ‍ॅम्पची जमीन थ्री-पिन प्लगमधून येते. दोन ठिकाणच्या जमिनींत थोडा तरी व्होल्टेजचा फरक असतोच, आणि त्या फरकाने सुटलेला प्रवाह आरसीए केबलीच्या जाळीतून वाहतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. पडताळा सोपा आहे: सेट-टॉप बॉक्सच्या पाठीमागची कोॲक्स फिरकी काढा. घूं त्या क्षणी थांबली तर खात्री झाली. टीव्हीला ऑप्टिकल ऑडिओ आउटपुट असेल तर तो वापरा. ऑप्टिकल तारेतून प्रकाश जातो, प्रवाह जात नाही, लूप तिथेच तुटतो. तो नसेल तर कोॲक्सच्या वाटेत बसणारा आयसोलेटर लावा. मात्र छत्रीच्या तारेतून एलएनबीला (छत्रीच्या तोंडावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीजही जाते, तेव्हा आयसोलेटर ती वीज पुढे जाऊ देणारा हवा. हे जमत नसेल तर ऑडिओच्या वाटेत एकास एक प्रमाणाचा लहान ट्रान्सफॉर्मर बसवा.

दुसरा नेहमीचा मानकरी म्हणजे लॅपटॉप. चार्जर काढला की आवाज स्वच्छ, लावला की घूं-चिरचिर. बैठकभर बॅटरीवर चालवा, नाहीतर ऑप्टिकल किंवा तोच ट्रान्सफॉर्मर.

इथे एक सल्ला हमखास मिळतो: अ‍ॅम्पच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाक, घूं जाईल. जाते, हे खरे. पण कृपा करून हे कधीही करू नका. ती पिन आत काही तुटले, फेज पत्र्याला लागला, तर फ्यूज उडवण्यासाठी असते. ती काढली की तोच फेज पत्र्यावर तुमच्या हाताची वाट पाहत बसतो, आणि आरसीए केबलीमार्फत जोडलेल्या प्रत्येक डब्यावर. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे गेल्याच्या बातम्या वाचतो आपण. त्यातल्या किती घरांत अर्थची पिन किंवा तार जागेवर नसेल, याचा विचार करा. संगीतासाठी कुणी ही किंमत मोजू नये.

अर्थिंग, आणि उन्हाळ्याचा तिच्याशी संबंध

घूं उन्हाळ्यातच का वाढते? कूलर, एसी, फ्रिज यांचा भार हे एक कारण. पण मोठे कारण बरेचदा जमिनीत असते.

नागपूर दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व कडेवर वसले आहे, आणि विशेषतः पश्चिमेकडच्या भागांत काळी माती आहे. ही माती ओली असते तेव्हा विजेला चांगली वाट देते. मे महिन्यात ती सुकते, आकसते, भेगाळते आणि पाइपला सोडून बाजूला होते. अर्थिंगचा खड्डा म्हणजे जमिनीत साधारण अडीच मीटर खोल उतरवलेला, जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आणि भोवती कोळसा-मीठ. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ वाट सोपी करते. पण ओलच नसेल तर दोघांचाही उपयोग संपतो. शिवाय तेच मीठ वर्षानुवर्षे पाइपला आणि वरच्या क्लॅम्पला खात असते. त्यात आता सोसायटीच्या अंगणात सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक आले. खड्ड्याचे झाकण त्याखाली गेले की पाणी टाकायला कुणाला जागाच सापडत नाही.

गाण्याला याचा त्रास कसा होतो ते नीट समजून घ्या, कारण इथे बरेच जण घोटाळतात. स्वच्छ आवाजासाठी जमिनीचा रोध कमी असलाच पाहिजे असे नाही. विमानात आणि बॅटरीवर चालणारी ध्वनियंत्रे जमिनीशिवाय शांत असतात. पण घरातली प्रत्येक एसएमपीएस (चार्जर-संगणकात असतो तसा स्विचिंग पॉवर सप्लाय), संगणक, वॉशिंग मशीन, टीव्ही, एलईडीचे ड्रायव्हर, थोडा थोडा प्रवाह अर्थच्या तारेत सोडत असतात. ओला पंप असलेला जुना कूलर तर जास्तच. जमीन चांगली असेल तर हा प्रवाह निमूटपणे खड्ड्यात जातो. खड्डा सुकला की तो दुसरी वाट शोधतो, आणि घरात जमिनीकडे जाणारी दुसरी वाट म्हणजे बहुधा तीच केबल टीव्हीची कोॲक्स. तिच्याकडे जाताना तो तुमच्या आरसीएच्या जाळीतून जातो. एरवी ऐकू न येणारा लूप मे महिन्यात ऐकू येऊ लागतो तो असा.

आता फिल्टरच्या बोर्डाकडे. त्यात फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एक, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये एक, असे दोन लहान कपॅसिटर असतात. त्यांना वाय कपॅसिटर म्हणतात. वरच्या पट्टीतला गोंगाट अर्थमध्ये सोडून देणे हे त्यांचे काम. ४.७ नॅनोफॅरडच्या एका कपॅसिटरमधून २३० व्होल्टला ५० हर्ट्झचा साधारण ०.३४ मिलिअँपिअर प्रवाहही जातो. अर्थ पक्की असेल तर हा प्रवाह नगण्य. पण अर्थ तुटलेली असेल तर ते दोन कपॅसिटर मिळून अर्थच्या पिनेला २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, उचलून धरतात. बोर्डावर लावलेल्या सगळ्या उपकरणांचे पत्रे त्या पिनेला जोडलेले, आणि प्रत्येक उपकरणाच्या आतही असाच फिल्टर. सगळ्यांची गळती एकत्र होते. बोटांना येणाऱ्या झिणझिण्या त्याच. म्हणून म्हटले, अर्थिंगविना फिल्टर लावला तर तो गोंगाट घालवायच्या जागी तुमच्या डब्यांवर आणून बसवतो.

मनीषनगरमधल्या एका परिचितांच्या फ्लॅटमध्ये हुबेहूब हेच पाहिले. मार्चपर्यंत सगळे ठीक, एप्रिलपासून घूं, म्हणून भारी फिल्टरचा बोर्ड आला, आणि त्यानंतर त्यांच्या मुलीने सीडी प्लेअरला हात लावणेच बंद केले, इतक्या झिणझिण्या. त्यांना बोर्ड खराब निघाला असे वाटत होते. बोर्ड उत्तम होता. मीटर पॅनेलपासून खड्ड्याकडे गेलेली जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी क्लॅम्पजवळ गंजून नुसती टेकलेली होती आणि खड्डा पार्किंगच्या पेव्हरखाली होता. वायरमनने दोन ब्लॉक उचलले, क्लॅम्प बदलला, पाणी भरले. झिणझिण्या गेल्या, घूंही कानाला लागेनाशी झाली, आणि तोच बोर्ड आज तिथे छान चालतो आहे.

तुमच्या घरी काय आहे ते कसे कळेल? मल्टिमीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटकडे तोंड करून पाहिले तर वरचे मोठे भोक अर्थ, उजवे फेज, डावे न्यूट्रल असायला हवे. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास. फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट, भार असताना फार तर तीन. न्यूट्रल-अर्थमध्ये वीस, पन्नास, शंभर व्होल्ट दिसले तर अर्थ तरंगते आहे, म्हणजे जमिनीला नीट लागलेली नाही. मल्टिमीटर हाताळायची सवय नसेल तर हेही वायरमनकडून करून घ्या.

पण हे आकडे बरोबर आले म्हणून निश्चिंत होऊ नका. डिजिटल मीटर इतका कमी प्रवाह घेतो की किलोओहमचा रोध असलेली अर्थसुद्धा त्याला चांगली दिसते. खरी परीक्षा प्रवाह सोडूनच होते. काही वायरमन त्यासाठी फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून दाखवतात. हा प्रयोग स्वतः मुळीच करू नका: अर्थ तुटलेली असेल तर बल्बमधून फेज थेट घरातल्या प्रत्येक पत्र्यावर जातो, कूलरवरही. आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असेल तर तो बल्ब लागताच पडेल, त्यातून अर्थ चांगली की बरी ते कळणार नाही. परवानाधारक वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवा, खड्ड्याचा रोध मोजून घ्या. घरासाठी तो पाच ओहमच्या आत ठेवण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. मोजमाप मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये तर नागपुरातले सगळेच खड्डे चांगले दिसतात.

खड्ड्यात मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका. नवा खड्डा करायचाच असेल तर मीठ-कोळशाऐवजी बेंटोनाइट नावाच्या मातीच्या भरणीचा करून घ्या. ती ओल जास्त धरते आणि पाइप खात नाही.

अर्थ सुधारल्यावर कधी कधी आरसीसीबी कारणाशिवाय पडायला लागतो. तो १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान केव्हाही पडू शकतो, आणि आतापर्यंत कोंडलेली गळती आता खरोखर वाहू लागलेली असते. त्याला बायपास करू नका. एकेक उपकरण काढून पाहा. बहुधा कूलरचा पंप किंवा गिझर सापडतो, आणि तो सापडलेला बराच.

घरातले गोंगाट करणारे

पंख्याचा रेग्युलेटर पहिला. गोल फिरणारा, कुठल्याही मधल्या गतीवर थांबणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ट्रायॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक स्विचने लहर मध्येच कापतो, आणि त्या कापाच्या कडेतून चिरचिर उठते. पंखा पूर्ण गतीवर नेला की चिरचिर जाते, तीनवर आणला की परत येते, असे असेल तर संशय घ्यायची गरजच नाही. चार-पाच टप्प्यांचा, आत कपॅसिटर असलेला रेग्युलेटर त्याच खाचेत बसतो, सीताबर्डीच्या कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात काही शेकड्यांत मिळतो. हॉलमध्ये गाणी ऐकणाऱ्याने पहिला खर्च यावर करावा.

कूलरचे ‘फट्’ मोटर बंद होताना स्विचमध्ये उडणाऱ्या ठिणगीचे. मोटरच्या गुंडाळीत साठलेली ऊर्जा त्या क्षणी बाहेर पडते आणि तारेतून अ‍ॅम्पपर्यंत पोहोचते. उपाय कूलरपाशी करायचा, अ‍ॅम्पपाशी नाही: ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसी आणि एक्स-२ असे छापलेला कपॅसिटर, त्याच्या मालिकेत १०० ओहमचा रोध, ही जोडी मोटरच्या दोन टोकांवर. साधा कपॅसिटर तिथे चालत नाही. एक्स-२ जातीचाच हवा, कारण बिघडला तरी तो आग धरू नये अशा कसोटीला उतरलेला असतो. कूलर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून बसवून घ्या, आणि कूलरची तार गाण्याच्या सॉकेटवरून काढून वेगळ्या सर्किटवर न्या. फ्रिजच्या टक्टकीलाही हाच इलाज.

स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाइल चार्जर शोधायला सेलवर चालणारा जुना मीडियम वेव्ह रेडिओ उत्तम. स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि घरभर फिरा. जिथे खरखर भडकते तिथे उगम. तो बल्ब बदला, किंवा चार्जर गाणी चालू असताना काढून ठेवा.

इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा असेल तर लाइन गेल्यावर अ‍ॅम्प भुणभुणणारच. साइन वेव्हचा घ्या किंवा तेवढा वेळ गाणी थांबवा. गच्चीवर सोलर बसवले असेल आणि चिरचिर फक्त सकाळी दहा ते संध्याकाळी पाच एवढीच येत असेल तर सोलर इन्व्हर्टरच्या डीसी तारा आणि स्पीकरच्या तारा शेजारून जातात का ते बघा. अंतर वाढवून बराच फरक पडतो.

आता बोर्ड

पहिली गोष्ट मनात पक्की ठेवा: बाजारातला फिल्टरचा बोर्ड साधारण १५० किलोहर्ट्झच्या वर नीट काम करतो. ५० किंवा १०० हर्ट्झची घूं तो काढू शकत नाही. ती काढायला गेला तर तुमची वीजच अडवेल. तेव्हा घूंसाठी फिल्टर घेऊ नका. चिरचिर उगमापाशी थांबली नाही, शेजारच्या घरातून येते आहे, अर्थिंग पक्की आहे, अशा वेळी फिल्टर कामाचा.

बोर्डात मी सगळ्यात आधी पाहतो ती सॉकेटची पकड. प्लग घातला की तो घट्ट बसला पाहिजे, ओढताना जोर लागला पाहिजे. कुठल्याही देशाचा प्लग बसणारे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट नकोत. आपल्या गोल पिना त्यात सैल बसतात, सैल जागी ठिणगी पडते, ठिणगीतून खरखर येते आणि उन्हाळ्यात ते प्लॅस्टिक वितळतेही. आयएस १२९३ प्रमाणे बनलेला, आयएसआयचा शिक्का असलेला बोर्ड मागा.

मग तार. तांब्याची, दीड चौरस मिलिमीटरची, दीड-दोन मीटर लांब. ०.७५ ची तार सहा अँपिअरपर्यंत ठीक म्हणतात, पण पातळ तारेवर प्रवाहाच्या झटक्यांत व्होल्टेज जास्त पडते. अ‍ॅम्प लहरीच्या शिखरावरच आखूड, उंच झटक्यांनी प्रवाह ओढतो. उरलेली तार वेटोळे करून मागे ठेवू नका, गरम होते. सहा अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. घरगुती स्टीरिओ, टीव्ही, टर्नटेबल मिळून याच्या पुष्कळ खाली राहतात, त्यामुळे सोळा अँपिअरचा बोर्ड फार मोठ्या अ‍ॅम्पलाच लागतो. मोठा पॉवर अ‍ॅम्प असेल तर तो फिल्टरमधून न नेता सरळ भिंतीवर, पण त्याच सॉकेटच्या जोडीला.

यूएसबी चार्जिंग असलेला बोर्ड गाण्यासाठी घेऊ नका. ज्या गोंगाटापासून पळतो आहोत तो पुरवणारा छोटा एसएमपीएस त्यातच बसवलेला असतो. प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विचही नको, प्रत्येक स्विच हा झिजणारा आणखी एक सांधा. एक दणकट मुख्य स्विच, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा मिळाला तर सर्वांत चांगला. विकत घेतल्यावर, भिंतीत घालण्याआधी, प्लगच्या अर्थ पिनेपासून प्रत्येक सॉकेटच्या अर्थ भोकापर्यंत मल्टिमीटरने रोध मोजा. मीटरच्या तारांचा रोध वजा करता तो अर्ध्या ओहमच्या खालीच राहिला पाहिजे. आतली अर्थ पट्टी शेवटच्या दोन सॉकेटपर्यंत पोहोचलेलीच नसते, असे स्वस्त बोर्ड सर्रास सापडतात. त्यासाठी दुकानात मीटर घेऊन जायला लाजू नका.

सर्ज रोखणाऱ्या बोर्डात एमओव्ही नावाच्या चकत्या असतात. प्रत्येक झटक्यात त्या थोड्या झिजतात, म्हणून ‘संरक्षण चालू’ असा वेगळा दिवा असलेला बोर्ड घ्या, आणि तो दिवा विझला की बोर्ड बदला, गाणे वाजत असले तरी. आपल्याकडे दुसरा धोका न्यूट्रल तुटण्याचा. थ्री-फेज इमारतीत न्यूट्रल सैल झाला की सिंगल-फेज घरात व्होल्टेज तीनशेच्या पुढे जाऊ शकते, आणि ते क्षणभर नव्हे तर मिनिटेच्या मिनिटे टिकते. चकती तेव्हा तापून पेट घेऊ शकते. तिच्यासोबत थर्मल फ्यूज आहे का, हे माहितीपत्रकात वाचा. नसेल तर तो बोर्ड पडद्यामागे, लाकडी शोकेसमध्ये ठेवू नका.

मोठा पॉवर अ‍ॅम्प सोडला तर गाण्याची सगळी उपकरणे या एकाच बोर्डावर. सगळ्यांची अर्थ एकाच जागी मिळाली की लूपचा घेर लहान होतो. बोर्डाला बोर्ड जोडू नका. विजेच्या तारा एका बाजूने, आरसीए दुसऱ्या बाजूने, आणि ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात.

टर्नटेबलवाल्यांसाठी एवढेच: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचा (सुई बसवलेल्या पिकअपचा) सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या घरात, सीडी प्लेअरचा दोन व्होल्ट, म्हणजे चारशे पट फरक. टर्नटेबल ट्रान्सफॉर्मरपासून फूटभर दूर सरकवा आणि त्याची बारीक अर्थ तार फोनोच्या स्क्रूला घट्ट बांधा. बाकी काही करण्याआधी हे दोन करा. अ‍ॅम्पवरच टर्नटेबल ठेवलेले असेल तर घूंचा शोध तिथेच संपतो.

वीज कडाडते तेव्हा

मे अखेर आणि जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे जी वादळे येतात, त्यांत बोर्डावर विसंबू नका. जवळ पडलेल्या विजेपुढे चकतीचा टिकाव लागत नाही. डीबीमध्ये (घराच्या मुख्य एमसीबी पेटीत) टाइप-२ चा सर्ज अरेस्टर बसवून घेतला तर मीटरकडून येणारा बराचसा झटका तिथे अडतो, पण त्यालाही चांगली अर्थ लागते. ढग भरून आले की बोर्डाचा प्लग भिंतीतून काढा, आणि छत्रीची कोॲक्स व इंटरनेटची लॅन तारही सोडवा. प्लग काढून कोॲक्स तशीच ठेवली तर झटका तिच्यातून टीव्हीत आणि टीव्हीतून आरसीएने अ‍ॅम्पमध्ये उतरतो.